ताईचं यकृत

पुण्याच्या धायरीत शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बायका आता चार-दोन दिसतात. आम्रपालीने स्टिअरिंग हातात घेतलं तेव्हा मात्र ती एकटीच होती. त्याआधी ती नांदेड फाट्याजवळच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायची. पुढे कारखाना चाकणला हलला आणि बायकांना घरी बसवण्यात आलं. घरी बसणं हा काही आम्रपालीचा पिंड नव्हता. नवरा संभाजी पीएमपीच्या बस डेपोत मेकॅनिक. त्याने सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मैदानावर तिला गाडी शिकवली, आणि गाडी जरा हातात बसल्यावर तिने त्याला मागच्या सीटवर पाठवलं. "अहो, तुम्ही बोललात की माझा क्लच सुटतो," हे तिचं कारण.

पोरांची ती लाडकी मावशी. तिच्या व्हॅनमध्ये मोबाइल बघायचा नाही, फक्त गप्पा मारायच्या, असा तिचा कायदा होता. दुसरा कायदा पोरांनीच केलेला. डब्यात उरलेलं मावशीला द्यायचं. अर्धा पराठा, जॅम लावलेली पोळी, तळाशी चिकटलेला शिरा. घरी आई रागावू नये म्हणून पोरं डबे तिच्यासमोर रिकामे करायची, आणि अन्न टाकायचं नाही या वळणात वाढलेल्या आम्रपालीला ते मोडवत नव्हतं. शाळेबाहेर व्हॅनवाल्यांचा चहा व्हायचा तो वेगळाच, साखर दाबून, सोबत खारी किंवा क्रीमरोल. काम सगळं बसून. चाळिशी ओलांडेपर्यंत तिचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं. तिला त्याचं काही वाटत नसे. आरशासमोर उभी राहून ती म्हणायची, "खात्यापित्या घरची दिसतेय, दिसू दे."

तिचा धाकटा भाऊ धम्मदीप वारजेला राहायचा आणि तिथल्याच पोस्टात नोकरी करायचा. आई गेली तेव्हा तो नववीत होता. त्याचा दहावीचा अभ्यास घेण्यापासून ते दीपालीशी त्याचं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. स्वभावाने तो तिच्या अगदी उलट. ती दहा वाक्यं बोलायची तेव्हा हा एक बोलायचा, पण ते एक वाक्य असं यायचं की समोरच्याला हसावं की रागवावं कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. मग पायांवर सूज आली, पोटात पाणी भरायला लागलं. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा उलटून स्वतःच्याच यकृतावर तुटून पडली होती, आणि कळेपर्यंत यकृत बरंचसं निकामी झालं होतं. धम्मदीपने आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता, पण यकृत म्हटलं की लोक एकच प्रश्न विचारतात.

"किती प्यायचास रे?" असं कुणी विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "जेवणानंतर एक पेला. ताक."

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, औषधांनी आता फार दिवस भागणार नाही, यकृताचं प्रत्यारोपण करावं लागेल. मृत दात्याच्या यकृतासाठी नाव नोंदवलं, पण ती रांग मोठी. जवळच्या नात्यातल्या माणसाने आपल्या यकृताचा तुकडा दिला तर लवकर होईल. दीपालीचा रक्तगट जुळला नाही. वडिलांचं वय झालेलं. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशा सहजपणे आम्रपाली म्हणाली, "माझं घ्या की."

तपासण्यांचा निकाल सांगायला प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. निकिता यांनी तिला आणि संभाजीला बोलावलं तेव्हा फेब्रुवारी नुकता लागला होता. बाई वयाने तिच्यापेक्षा लहान, चेहरा सरळ, आणि बोलणं अस्सल पेठेतलं.

"रक्तगट जुळतो. हृदय उत्तम, किडन्या उत्तम, फुप्फुसं उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "यकृत मात्र लोण्यात घोळून ठेवलंय आपण."

"म्हणजे?"

"चरबी साचलीय त्यात. असा तुकडा तुमच्या भावाला लावला तर तिकडे तो धड चालणार नाही, आणि इकडे तुमच्याकडे जे उरेल त्यालाही पुन्हा वाढताना धाप लागेल. या अवस्थेत मी तुमचं यकृत घेणार नाही."

आम्रपालीचा चेहरा पडला. आतापर्यंत आपल्या पोटाकडे तिने दुर्लक्ष केलं होतं, कारण ते फक्त तिचं होतं. आता ते भावाच्या वाटेत आडवं आलं होतं. तिला एकदम त्या सगळ्या पराठ्यांचा, जॅमच्या पोळ्यांचा, क्रीमरोलचा राग आला.

संभाजीने विचारलं, "मॅडम, ही चरबी कमी होते का?"

"होते. आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर होते. पोटावरची चिवट असते, यकृतातली आधी निघते." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "दिवसभरात काय काय खाता ते सांगा. लाजू नका."

आम्रपालीने सांगितलं. डॉक्टर सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आपण खाल्लं की रक्तात साखर वाढते आणि शरीर इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनचा हुकूम असा, की आलंय ते वापरा, उरेल ते साठवा, आणि आधीच्या साठ्याला हात लावू नका. मग चार-पाच तास काही खाल्लं नाही की इन्सुलिन उतरतं. ते उतरलं की चरबीच्या पेशी आपला साठा रक्तात सोडायला लागतात, आणि स्नायू, हृदय त्यावर चालतात. खाल्लं की साठवायचं, मधल्या वेळात काढायचं, हे रोज चालतं. तुमचा मधला वेळच नाहीये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही ना काही तोंडात. इन्सुलिन खाली यायलाच तयार नाही. चरबीच्या पेशी भरून वाहायला लागल्या की जादाचा माल यकृतात जातो, वरून साखरेची चरबी यकृत स्वतःही बनवतं."

आम्रपाली म्हणाली, "म्हणजे माझ्या आत नुसता पिकअप चाललाय. ड्रॉप होतच नाही."

डॉ. निकिता पहिल्यांदाच हसल्या. "मला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं. आता ड्रॉप सुरू करा. तोवर भावाला आम्ही औषधांवर सांभाळतो."

तिन्ही वेळेला नीट जेवायचं, मध्ये काही नाही. चहात साखर नाही. बेकरीचं बंद. पोळी-भात बेताचा, उसळी, अंडी, पालेभाज्या भरपूर, आणि रोज दम लागेल इतपत चालायचं. बस्स एवढंच. ऐकायला सोपं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने व्हॅनमध्ये जाहीर केलं की आजपासून मावशी उरलेलं खाणार नाही. पोरांमध्ये मोठी अस्वस्थता पसरली. एका चिमुरडीने विचारलं, "मग माझा शिरा कोण संपवणार?"

"तू," आम्रपाली म्हणाली.

पोरीला हे अन्यायकारक वाटलं. पण मावशीच्या भावाला बरं करायचंय, त्यासाठी मावशीला कमी खायचंय, एवढं कळल्यावर पोरं तिच्यावर पहाराच ठेवायला लागली. सिग्नलला तिने तोंडात बडीशेप टाकली तरी मागून आवाज यायचा, "मावशी, काय खाताय?"

शाळेबाहेरच्या चहाचा प्रश्न जास्त अवघड होता. मेहबूबभाई तिच्यासारखेच व्हॅनवाले, हडपसरहून धायरीत येऊन राहिलेले आणि चहाच्या बाबतीत कर्मठ. तिने बिनसाखरेचा चहा मागितला तेव्हा त्यांनी कप हातात घेऊन आत डोकावून पाहिलं. "ताई, बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाणी आणि वर अपमान."

तरी तिला एकटं वाटू नये म्हणून त्यांनीही बिनसाखरेचा प्यायला सुरुवात केली. आठवडाभर प्यायले. पुढच्या आठवड्यात ते कप घेऊन आपल्या व्हॅनच्या मागे जायला लागले आणि परत येताना ओठ पुसत येऊ लागले. आम्रपालीने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चालण्याने मात्र एक अनपेक्षित गोष्ट दिली. पोरांना शाळेत सोडून आली की घरात संभाजी असायचा, कारण त्याची पाळी दुपारची. दोघं मिळून धायरीमागच्या टेकडीवर जायला लागले. सुरुवातीला ती अर्ध्या चढावर दगड शोधून बसायची आणि तो शेजारी उभा राहून, डेपोत जुन्या बसला चढावर कसं नेतात ते सांगायचा. बसशी तुलना केल्याबद्दल ती त्याला खडे मारायची. पण लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर त्या दोघांना रोजचा एक तास नुसता एकमेकांसाठी मिळत होता. एक दिवस तो म्हणाला, "तुला बघायला आलो तेव्हा तू पोह्यांची डिश माझ्याऐवजी माझ्या मित्राला दिलीस, आठवतं का?"

"आठवतं. तोच जास्त हसतमुख होता."

"मग?"

"मग काय, तुम्ही गप्प राहून माझ्याकडेच बघत होतात. म्हटलं, हे बरं आहे."

संभाजी खाली पोहोचेपर्यंत शिट्टी वाजवत होता.

वारजेत वेगळीच गंमत चालली होती. धम्मदीपचं आजारी यकृत काही साठवूच शकत नव्हतं. थोडा वेळ पोट रिकामं राहिलं की शरीर त्याचे स्नायू मोडून खायला लागायचं. म्हणून त्याला डॉक्टरांनी दर दोन-तीन तासांनी खायला सांगितलं होतं, झोपण्याआधीसुद्धा. आणि त्याला भूक नावाची गोष्ट उरली नव्हती. दीपाली वाटी घेऊन मागे, हा तोंड फिरवून पुढे. ताईचा फोन आला की तो म्हणायचा, "तुझ्या शरीराला सोडायचं कळत नाही, माझ्याला ठेवायचं कळत नाही. आईने वाटणी करताना घोळ घातला."

"तू खा, नाहीतर मी येऊन तुझं खाईन," ती धमकी द्यायची, आणि तो निमूट खायचा. ती फोनवर असली की घास जातो हे दीपालीच्या लक्षात आलं, तेव्हापासून ताईच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी फोन लावायचा आणि दोघांनी एकदम जेवायचं, अशी रीतच पडली.

महिना उलटला आणि आम्रपालीला अशी भूक लागायला लागली जशी आयुष्यात कधी लागली नव्हती. बेकरीवरून व्हॅन नेताना ती काच वर करायची. आपली इच्छाशक्तीच कमकुवत, असं वाटून तिने खाली मान घालून डॉ. निकितांना विचारलं.

"तुमचं चारित्र्य ढासळलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चरबी नुसती पडून नसते. ती मेंदूला सतत कळवत असते की साठा भरपूर आहे, काळजी नको. साठा घटला की ते कळवणं कमी होतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, मग तो भूक वाढवतो. हजारो पिढ्या या सवयीनेच माणूस तगला. तेव्हा भूक लागली तर समजा, तुमचं काम चाललंय."

हे ऐकून तिला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन तिने संभाजीला दोनदा सांगितलं, "माझं चारित्र्य चांगलं आहे."

पण मार्चच्या शेवटी वजनाचा काटा जागचा हलेना. त्याच सुमारास धम्मदीपला पोटातलं पाणी काढायला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती भेटायला गेली तेव्हा चादरीखाली तो आहे की नाही असा दिसत होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. तिने त्याच्याशी हसून गप्पा मारल्या, बाहेर आली, आणि मनाशी ठरवलं की आता खायचंच नाही.

कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरी सांगितलं, शाळेजवळ खाल्लं. भावाला फोनवर वाटी वाजवून दाखवली. दोन दिवस ती पाणी आणि काळ्या चहावर राहिली. तिसऱ्या दिवशी पोरांना शाळेत उतरवून झाल्यावर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाडी उभीच होती, हँडब्रेक ओढलेला होता. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मेहबूबभाईंनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि भाजी तिच्या मांडीवर ठेवली, ती खाऊन होईपर्यंत दारात उभे राहिले, आणि मग तिला घेऊन थेट डॉ. निकितांकडे गेले.

डॉक्टर त्या दिवशी टोमणे मारण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. "उपाशी राहिलात की शरीर साठ्यातली चरबी एकदम मोकळी करतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रक्तातून ती जाते कुठे? बरीचशी यकृतात. जे रिकामं करायला निघालात, तिथेच आणून ओतलंत. वजन थांबलं होतं, यकृतातली चरबी निघायची थांबली नव्हती. मला विचारायचं होतंत."

आम्रपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो फार वाळलाय, मॅडम."

"मला माहीत आहे. म्हणून तुम्ही मला धडधाकट हव्यात."

संध्याकाळी धम्मदीपचा फोन आला. मेहबूबभाईंनी संभाजीला सांगितलं होतं, संभाजीने त्याला. "ताई," तो म्हणाला, "तूच गेलीस तर यकृत घ्यायला मी वैकुंठात यायचं का? तिथे माझी ओळख नाही."

ती रडता रडता हसायला लागली. "दाजींनी चुगली केली वाटतं."

"दाजींनी भात लावलाय म्हणे. जेव. मी ऐकतोय. आज वाटी वाजवायची नाही, चावण्याचा आवाज आला पाहिजे."

त्यानंतर तिने घाईचं नाव काढलं नाही. वेळेवर जेवायची, टेकडी चढायची, बेकरीसमोर काच वर करायची. चढावरच्या दगडावर आता ती बसत नव्हती. संभाजीच मागे पडायचा.

चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघाली. पांढरी साडी नेसून आम्रपाली विहारातून निघाली ती ढोल-ताशाच्या पुढेच जाऊन उभी राहिली. दरवर्षी ती दोन चौकांत दमून रिक्षात बसायची. यंदा फाट्यापर्यंत नाचली. तिच्याबरोबरीने नाचणाऱ्या पोरी पाणी प्यायला बाजूला झाल्या तरी हिचे पाय थांबेनात. घामाने पदर चिकटलेला, केस सुटलेले, आणि गर्दीत संभाजी तिची चप्पल हातात घेऊन मागे मागे. बुंदीचा लाडू समोर आला तेव्हा तिने तो कागदात बांधून घेतला आणि घरी जेवणाला लागून खाल्ला. मधल्या वेळात नाही. संभाजीने हात जोडले.

आठवड्याभरात पुन्हा स्कॅन झालं. या वेळी धम्मदीप आणि दीपालीही आले होते. डॉ. निकिता पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. 

"चरबी जवळजवळ गेलीय," त्या म्हणाल्या. "घेऊ आम्ही हे यकृत."

आम्रपालीने खाली पोटाकडे पाहिलं. "पण पोट तर आहे तसंच दिसतंय, मॅडम."

"पोटाशी माझं काही काम नाही. मला यकृत हवं होतं."

दीपालीने आम्रपालीला मिठी मारली आणि सोडेना. धम्मदीप खिडकीकडे तोंड करून उभा होता. तिकडेच बघत म्हणाला, "ताई, माझ्यासाठी कुणी आजवर खारी सोडली नव्हती."

शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, ते बरंच झालं. मे महिन्यात ऑपरेशन झालं. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत, एकीकडून काढून दुसरीकडे लावण्याचं ते काम दिवसभर चाललं. संभाजी आणि दीपाली बाहेर बाकावर बसून होते. संध्याकाळी डॉ. निकिता बाहेर आल्या. टोपी काढून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग म्हणाल्या, "दोघं छान आहेत. तुकडा जोडल्याबरोबर त्याचा रंग बदलला. कामाला लागलाय."

चार-पाच दिवसांनी आम्रपाली नळ्या सांभाळत, नर्सचा हात धरून भावाच्या खोलीपर्यंत चालत गेली. दारातूनच तिला त्याचे डोळे दिसले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते पांढरे होते. ती बघतच राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. डोळे छान दिसतायत."

"मला भूक लागलीय," धम्मदीप म्हणाला. हे सांगताना त्यालाच नवल वाटलं. "ताई, हे तुझं यकृत आल्यापासून मला सारखी भूक लागतेय. तू बदललेलं दिलंस ना नक्की? की जुनंच?"

पोटाला टाके होते, हसायची सोय नव्हती. पोट धरून ती भिंतीला टेकली आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्स दोघांवर रागावली.

जून-जुलैत मेहबूबभाईंनी तिची पोरं आपल्या फेरीत सांभाळून घेतली. तिच्या आत उरलेलं यकृत आणि भावाच्या आत गेलेला तुकडा, दोन्ही वाढत होते. ऑगस्टमध्ये ती पुन्हा गाडीवर बसली. आता तिच्या पोटात आणि स्टिअरिंगमध्ये हात जाईल एवढी जागा होती. टेकडी तिने सोडली नाही. संभाजी म्हणतो, तिला आता चढायची नाही, नवऱ्याला दमवायची सवय लागलीय.

धम्मदीप ऑक्टोबरमध्ये कामावर रुजू झाला. पहिल्या दिवशी त्याने स्कूटर काढायची नाही असा दीपालीचा हुकूम होता, म्हणून पोरांना शाळेत सोडून आम्रपालीच त्याला घेऊन पोस्टाच्या दारापर्यंत गेली. तो उतरला. इस्त्रीचा शर्ट आता खांद्यावर नीट बसत होता, गालांवर मांस आलं होतं. आतून दोघं-तिघं सहकारी धावत बाहेर आले. कुणीतरी त्याच्या हातातली पिशवी घेतली, कुणीतरी त्याला मिठी मारू की नको म्हणून घुटमळलं.

"मारा," धम्मदीप म्हणाला. "हळू मारा. आत ताईचं सामान आहे."

आम्रपाली गाडीत बसून बघत होती. ते सगळे त्याला घेऊन आत गेले, दार मिटलं, आणि आतून हसण्याचा आवाज आला. तिने आरसा नीट केला, गिअर टाकला आणि उन्हात न्हालेल्या रस्त्याने धायरीकडे निघाली.